काउबॉयच्या पाठीमागे

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी सवयीने म्हटलं, "हे हॉस्पिटलमध्ये आहेत, संध्याकाळी करा." इथे इंग्लंडात आमच्या मराठी मंडळात आठवणी डॉक्टरांकडे मागतात आणि त्यांच्या बायकांकडे रेसिपी. पण फोनवरच्या बाई म्हणाल्या, "नाही हो नलिनीताई, तुमच्याच हव्यात. तुम्ही नटांना कपडे घालायचात ना, त्याच्या." म्हणजे पार लंडनजवळच्या पिनरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं तर. मी आपली इतकी वर्षं 'कॉस्च्युमचं काम बघते' असं मोघम सांगत आले होते.

तर मी नटांना कपडे घालायचे. धडधाकट, मोठ्या माणसांना. इंग्रजीत या कामाला ड्रेसर म्हणतात. आपल्याकडे नाटकात कपडेपट सांभाळणारे असतात, त्यांच्याच जातकुळीतलं हे काम, फक्त इथे ते मोजे चढवण्यापर्यंत जातं. राजा म्हणून आत आलेला माणूस गाण्याच्या एका कडव्यानंतर भिकारी होऊन पुन्हा बाहेर जायचा असतो. विंगेतल्या अंधारात त्याची विजार आधीच बुटांभोवती गोळा करून ठेवायची. त्याने बुटात पाय घातले की विजार वर ओढायची. बटणं नुसती दिसायला, खाली सगळं वेल्क्रो. नट समोर बघत उभा राहतो आणि ड्रेसर त्याच्या पाठीमागे, कारण नाड्या, आकडे, झिपा असं सगळं पाठीमागेच असतं. त्यामुळे मला पुष्कळ नटांचे चेहरे आठवत नाहीत. पाठी मात्र आठवतात.

आम्ही बेसिंगस्टोकला राहत होतो. आमचे डॉक्टर तिथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. माझं थिएटर समुद्राकाठच्या एका गावात होतं, ट्रेनने जायचे मी. गावाचं नाव सांगत नाही. निर्माता अजून तिथेच राहतो आणि त्याला वाद घालायला फार आवडतं.

वर्षभर तिथे काय काय चालायचं, पण थिएटरचं पोट भरायचं ते नाताळच्या पॅन्टोमाइमवर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे समजावणं अवघड आहे, तरी प्रयत्न करते. गोष्ट परीकथेतली असते. म्हातारी बाई असते ती पुरुष करतो. तरणाबांड नायक असतो तो मुलगी करते. घोडा असतो, त्यात दोन माणसं असतात. आणि प्रेक्षागृहात शाळाच्या शाळा येऊन बसतात आणि नाटकभर ओरडतात. ओरडायचं नसतं असं नाही, ओरडायचंच असतं. नटाच्या मागून भूत येतं. पोरं जीव तोडून सांगतात, "मागे बघ, तुझ्या मागे आहे." आणि नटाने मागे बघायचं नसतं, किंवा बघायचं ते चुकीच्या बाजूला. हा त्या खेळाचा धर्मच आहे. आमची केतकी इथेच जन्मलेली, तिला तीन वर्षांची असल्यापासून हे कळत होतं.

ऐंशीचं दशक संपत आलेलं असताना आमच्या निर्मात्याच्या डोक्यात आलं की पॅन्टोमाइममध्ये एखादा अमेरिकन स्टार हवा. पर्किन्स त्याचं नाव. दिग्दर्शनही तोच करायचा. त्याने कुठूनसे मिस्टर कॅलवे आणले. कॅलवे म्हणजे एके काळी हॉलिवुडच्या काउबॉयपटांतले दणकट नायक, नंतर बरीच वर्षं टीव्हीच्या मालिकेतले शेरिफ. मालिका बंद पडली, काउबॉयपटच बंद पडले आणि मग कॅलवे इंग्लंडभर फिरून काउबॉय-क्लबांच्या मेळाव्यांत सह्या देऊ लागले. असे क्लब इथे खरोखर असतात. मिल्टन कीन्सचे अकाउंटंट शनिवारी कमरेला पिस्तूल लावून एकमेकांना 'शेरिफ' म्हणतात आणि सोमवारी कामावर जातात. कॅलवे या लोकांबद्दल फार आदराने बोलायचे.

आमची गोष्ट होती एक गरीब विधवा, तिचा आळशी मुलगा आणि ढगांतला राक्षस यांची. इंग्लंडमधलं खेडं, काळ कधीचा कुणास ठाऊक. त्यात ॲरिझोनाचा शेरिफ कसा, असं मी पर्किन्सला विचारलं. तो म्हणाला, "नेल, घोडा बोलतो त्याबद्दल तू काही विचारलं नाहीस." (नलिनी त्यांना जमत नसे. इथली सगळी बोलणी अर्थात इंग्रजीत झाली, मी ती माझ्या मराठीत देते आहे.)

मिस्टर कॅलवेंना कपडे घालायचं काम माझ्याकडे आलं. उंच, वाळलेला, सत्तरीचा माणूस. मला पहिल्या दिवसापासून 'मॅम' म्हणायचे आणि मी खोलीत आले की विजार अर्धी चढलेली असली तरी उठून उभे राहायचे. शर्टाच्या आत एक कॉर्सेट असायचं, पाठीमागून नाड्यांनी आवळायचं. घोड्यावरून पडून पडून कंबर गेली होती. ते कॉर्सेट मी सोडून कुणाच्या नजरेला पडू नये असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आता सांगायला हरकत नसावी.

घोड्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्या वर्षी आमच्या घोड्याचे पुढचे पाय आणि मागचे पाय एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काहीतरी क्षुल्लक होतं, कुणी कुणाचं सँडविच खाल्लं असलं. निरोप माझ्यामार्फत जायचे. "नेल, त्याला सांग डावीकडे वळताना जरा हळू." मी घोड्याच्या तोंडाकडून शेपटीकडे जाऊन सांगायचे. मिस्टर कॅलवेंनी हे जनावर पहिल्यांदा पाहिलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली, मानेवर थोपटलं आणि पर्किन्सला म्हणाले, "मी याच्यावर बसणार नाही. याचं मागचं अंग नाराज आहे." पुढे रोज ते घोड्यासाठी एक गाजर आणायचे. ते पुढचे पाय खायचे, त्यामुळे भांडण आणखी चिघळलं.

तालमी छान झाल्या. भुताचा प्रवेश तर सगळ्यांत छान. शेरिफ आणि विधवा रात्री जंगलातल्या बाकावर बसून भीती घालवायला गाणं म्हणतात, मागून भूत येतं आणि शेरिफने बाजूला ठेवलेल्या टोपीतली किल्ली पळवतं. त्या किल्लीने राक्षस सुटतो आणि मध्यंतर होतं. विधवा करायचा टेरी. जाडजूड लँकेशरचा माणूस, आयुष्यभर पॅन्टोमाइममध्ये म्हाताऱ्याच केलेल्या. तो मला म्हणाला, "हा अमेरिकन बरा निघाला." तालमीत पोरं नसतात, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नाही.

मग गावातल्या शाळांसाठी रंगीत तालीम झाली. बाक, गाणं, निळा उजेड. मागून चादर पांघरून घोड्याचे मागचे पाय आले, कारण भुताचं कामही त्यांच्याकडेच होतं. पाचशे पोरं एका आवाजात ओरडली, "मागे बघ." आणि मिस्टर कॅलवे वळले. कसे वळले ते मला नीट दिसलंच नाही. आत्ता बसले होते, आत्ता उभे, हातात पिस्तूल आणि टिकल्यांचे तीन बार. भुताने आधी हात वर केले आणि मग, काय करावं ते न सुचून, ते मेलं.

पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पण भूत मेल्यामुळे किल्ली टोपीतच राहिली, राक्षस सुटेना आणि नाटकाचा पुढचा अर्धा भाग उरलाच नाही. पर्किन्सने पडदा पाडला. टेरी बाकावर बसून राहिला होता. तो शांतपणे म्हणाला, "मला एवढंच सांगा, भूत मरतं कसं?"

मिस्टर कॅलवेंना सगळ्यांनी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "लहान मूल ओरडून सांगतं मागे बघ, आणि माणूस बघत नाही? असल्या माणसाला शेरिफ कोण करेल?" समजावून झाल्यावर दुसरी रंगीत तालीम झाली. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, मला त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पोरं ओरडली आणि ते वळले. मग आम्ही पिस्तूल काढून घेतलं. त्यांनी बोट रोखलं. भुताने बोटालाही हात वर केले. कानात कापूस घालून पाहिला, तर म्हणाले की आवाज बाकातून येतो. शेवटी मी माझ्या विद्येप्रमाणे उपाय केला. त्यांच्या कोटाची मागची टोकं बाकाच्या गादीला दुहेरी दोऱ्याने शिवून टाकली. ते वळले ते बाकासकट. बाकावर टेरी होता. तो झगे वर आणि पाय छताकडे अशा अवस्थेत पडला आणि त्याला उठवायला घोडा आत आणावा लागला.

पर्किन्सने मला बोलावून सांगितलं की गावातल्या रेडिओवर हवामान सांगणारा एक माणूस आहे, तो शेरिफ करायला तयार आहे, त्याची मापं घेऊन ठेव. उद्घाटनाच्या प्रयोगाला कॅलवे वळला तर दुसऱ्या दिवशी हवामानवाला. कॅलवेला आत्ता काही बोलू नकोस. मी मापं घेतली. तो माणूस आखूड आणि पोटाने मोठा होता. शेरिफची एक जादा विजार होती, ती मी कमरेत सैल करायला आणि पायात दुमडायला घेतली.

मिस्टर कॅलवे माझ्या खोलीत कधी येत नसत. नेमके त्या दिवशी घोड्यासाठी गाजर सोलायला चाकू मागायला आले. माझ्या मांडीवरची विजार त्यांनी पाहिली. खुर्ची ओढून बसले, गाजर सोललं आणि मग मला त्यांच्या मालिकेचा शेवट सांगितला.

एका सोमवारी ते संवाद पाठ करून स्टुडिओत गेले, तर त्यांचं गाव नव्हतं. म्हणजे सेटचं गाव. तुरुंग, दारूचा गुत्ता, चर्च, सगळं उखडून नेलं होतं आणि तिथे कुठल्याशा विनोदी मालिकेसाठी पोहण्याचा तलाव खणत होते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. घोड्याला कळवलं होतं. त्याच्या चाऱ्याची ऑर्डर थांबवायची होती म्हणून त्याच्या मालकाला आठवडाभर आधी फोन गेला होता. "मी गणवेशात होतो, मॅम," ते म्हणाले. "कमरेला पिस्तूल. सगळं गाव मागच्या मागे गेलं आणि मला पत्ता नाही." मी विजार खाली ठेवली. मग पर्किन्सचा हुकूम मोडला आणि हवामानवाल्याचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "थँक यू, मॅम. सांगितल्याबद्दल." आणि गाजर घेऊन गेले.

घरी आले ती रडवेली होऊन. डॉक्टर टीव्ही बघत होते. पुण्याला मेडिकलला असताना त्यांनी कॅम्पातल्या थिएटरात कॅलवेंचे सगळे पिक्चर पाहिलेले, लेक्चर बुडवून. त्यांना हे प्रकरण माझ्याइतकंच लागलं होतं.

"ते रिफ्लेक्स आहे गं, नलू," ते म्हणाले. "नी-जर्कसारखं. तो माणूस अवेक आहे तोपर्यंत ते जाणार नाही. मी भूल देऊ का, अगदी लाइट?"

"अहो, काहीतरी कामाचं बोला."

"कामाचंच बोलतोय. तो कधी कुणाला पाठ दाखवायचाच नाही. पिक्चरभर भिंतीला टेकून बसायचा, जेवतानासुद्धा. आम्ही मेसमध्ये त्याची कॉपी करायचो, भिंतीकडच्या खुर्च्यांसाठी मारामारी."

मी म्हटलं, "मला दाखवतात की. रोज दोनदा."

हे बोलले आणि माझं मलाच लक्षात आलं. कॉर्सेट आवळताना मी दहा दहा मिनिटं त्या माणसाच्या पाठीशी असते. गुडघा लावून नाड्या ओढते, खांद्यावर हात ठेवते, आणि ते एकदाही दचकलेले नाहीत. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला. केतकी जिन्यात बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मम्मी, पण तुझी भूत अजिबात स्केअरी नाही दिसणार. तू शॉर्ट आहेस."

दुसऱ्या दिवशी मी मिस्टर कॅलवेंना नाड्या आवळता आवळता विचारलं की बाकामागे मी असले तर? त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही तर मागे असताच, मॅम." पर्किन्सला हा सगळा वेडेपणा वाटला, पण वेडेपणाला नाही म्हणायच्या स्थितीत तो नव्हता. घोड्याच्या मागच्या पायांना भुताचं काम गेल्याचा राग आला. पुढच्या पायांना आनंद झाला आणि ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

उद्घाटनाला मी चादरीखाली उभी होते. गळ्यात मोजपट्टी, ब्लाऊजला टाचण्या, पायात जाड मोजे. डॉक्टरांच्या बायकोने संक्रांतीच्या हळदीकुंकवात हे सांगावं अशी काही सोय नव्हती. मी बाकामागे गेले, हात वर केले. पोरं ओरडली. चादरीला डोळ्यांपुरती भोकं होती, त्यांतून मला फक्त ती ओळखीची पाठ दिसत होती. तिचे खांदे वर गेले. मी हळूच म्हटलं, "मी आहे, मिस्टर कॅलवे." खांदे खाली आले. त्यांनी उजवीकडे बघितलं, मी डावीकडे गेले. डावीकडे बघितलं, मी उजवीकडे. "कुठंय? मला तर कुणी दिसत नाही," ते पोरांना म्हणाले आणि मी टोपीतली किल्ली उचलली. राक्षस सुटला, मध्यंतर झालं. हवामानवाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, माणूस चांगला होता बिचारा.

असा पूर्ण सीझन झाला. रोज दोन प्रयोग. आधी त्यांना कॉर्सेट चढवायचं, मग धावत जाऊन चादर घ्यायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी आता 'मी आहे' म्हटलं नाही तरी चालतंय. आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो प्रवेश लांबत चालला होता. पोरं सांगताहेत आणि कॅलवे 'काय? काय म्हणता?' करत कानाला हात लावताहेत. टेरी कुरकुरायला लागला की आपलं गाणं संपतं तरी हा उठत नाही. पर्किन्स घड्याळ दाखवायचा. ज्या माणसाला वळू नका म्हणून आम्ही शिवून ठेवलं होतं, त्याला आता वळा म्हणून खाणाखुणा कराव्या लागत होत्या.

शेवटच्या दिवशी दुपारचा प्रयोग भरगच्च होता. पुढच्या वर्षी पर्किन्स टीव्हीवरचा कुणीतरी स्वयंपाकी आणणार होता आणि ते त्याने कॅलवेंना तोंडावर सांगितलं होतं, एवढं मात्र त्याने नीट केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. तिकडे काही काम नव्हतं.

बाक, गाणं, निळा उजेड. मी मागे गेले, हात वर केले, पोरांनी छप्पर उडवलं. आता त्यांनी उजवीकडे बघायचं होतं. ते हलले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून, थेट समोर, त्या ओरडणाऱ्या तोंडांकडे बघत बसले. पोरं उभी राहिली, खुर्च्यांवर चढली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी अक्षरशः रडत होती, इतकं तिला त्यांना वाचवायचं होतं. टेरीने गाणं पुन्हा एकदा म्हटलं. ते संपल्यावर तो ओठ न हलवता म्हणाला, "वळ रे बाबा." विंगेत पर्किन्स दोन्ही हातांनी खुणा करत होता. माझे दंड भरून आले होते. मी किल्ली उचलली असती तर प्रवेश पुढे सरकला असता.

मी पुढे वाकून म्हटलं, "मिस्टर कॅलवे, वळा आता."

त्यांनी मान वळवली नाही. "थोडं थांबा, मॅम," ते म्हणाले. "सांगताहेत ना, सांगू द्या त्यांना."

मी किल्लीला हात लावला नाही. दंडांचं काय व्हायचं ते होवो म्हटलं, आणि पोरांना नीट दिसावं म्हणून चवड्यांवर उभी राहून हात आणखी वर केले.